आडवा तक्ता

"बाबा, बाहेर या आता. मीटिंगला पाच मिनिटं राहिलीत," म्हणत सुनेने कपाटाच्या दारावर टकटक केली.

आधी एक पाय बाहेर आला, मग माईक, मग भूगोलाचं पुस्तक आणि सरतेशेवटी घामाघूम झालेले अनाउन्सर. बसस्थानकावर तेहेतीस वर्षं गाड्यांच्या वेळा सांगून ते निवृत्त झाले, तरी नाव तेच चिकटलं होतं. गेली अकरा वर्षं ते अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत होते. लोंबत्या कोटांत बसलं की रस्त्याचा आवाज येत नाही, म्हणून कपाट. हौसेला मोल नसतं, दुसरं काय!

हे काम चालवणाऱ्या संस्थेला ना इमारत होती ना पाटी. दोनशे वाचक दोनशे घरांत बसून फुकट वाचत आणि एकमेकांना कधी भेटत नसत. समन्वयक बाई दूरच्या शहरातून फोनवरच सगळा गाडा हाकत. वाचकांच्या यादीत सर्वांत वर अनाउन्सरांचं नाव होतं. पुस्तकं एकशे बेचाळीस. ती यादी ते रोज सकाळी उगाचच एकदा उघडून पाहत.

बाईंनी या वर्षी सरावगट काढले होते. "एकच काम करणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर बसायचं, काका. आपली रीत दाखवायची, दुसऱ्याची बघायची. कोणी कोणाचा साहेब नाही. शाळा-कॉलेजची पुस्तकं वाचणाऱ्यांचा गट तुम्ही उभा करा."

त्यांनी उभा केला. गटात एक नर्स, एक दंतवैद्य, लेथवर काम करणारा एक कारागीर आणि आणखी चौघं होती. पण पहिल्या तिन्ही बैठका म्हणजे नुसतं अहो रूपम् अहो ध्वनिः! तुमचं छान, आमचंही छान, चला, पुढच्या बुधवारी भेटू.

"झाकली मूठ सव्वा लाखाची हो, बाई," अनाउन्सर हसत म्हणाले. "कोण उघडणार?"

"कोणीतरी आधी उघडायलाच हवी. असं करा, आज एका ऐकणारीला बोलवा."

म्हणून चौथ्या बैठकीला एक अंध मुलगी आली. शिक्षिका होण्याची परीक्षा ती दुसऱ्यांदा देत होती. अनाउन्सरांनी स्वागताचं पहिलं वाक्य उच्चारलं मात्र, ती ओरडलीच, "अय्या काका, तुम्ही! अख्खा भूगोल तुमच्याकडून ऐकलाय मी."

अनाउन्सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "काही अडचण येते का गं?" त्यांनी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"छे हो! तक्ता आला की पुढे ढकलते, एवढंच. म्हणजे तुमचे तक्ते... जाऊ दे ना, काही नाही."

सगळे हसले आणि दंतवैद्याने विषय बदलला. अनाउन्सर मात्र हसले नाहीत.

मीटिंग संपल्यावर त्यांनी सुनेला खुर्ची ओढून बसायला लावलं. आपल्या रेकॉर्डिंगमधला बारा नद्यांचा तक्ता लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "विचार मला यातलं काहीही."

स्थानकावरचा फलक ते वरून खाली वाचत. एक रकाना संपवायचा, मग शेजारचा. पुस्तकातले तक्तेही त्यांनी अकरा वर्षं तसेच वाचले होते. त्यांच्याच भरदार आवाजात बारा नद्यांची नावं आली, मग बारा लांब्या, मग उगमाच्या बारा उंच्या.

"सातव्या नदीची लांबी किती?" सुनेने विचारलं.

अनाउन्सरांनी बोटं मोजायला घेतली आणि तिसऱ्यावरच सोडून दिली.

"बरं, ती उगम कुठल्या उंचीवर पावते?"

"अगं, सातवी नदी कोणती तेच आठवत नाहीये," ते म्हणाले आणि डोळे उघडले. त्यांना लाज वाटली, अगदी शाळकरी पोरासारखी. "अकरा वर्षं, सूनबाई! परीक्षेला बसणाऱ्या पोरांना मी हे ऐकवलं. आणि ती पोरं मला थँक्यू म्हणत आली."

"कोणाला कळलंय? गुपचूप नवं वाचून टाका."

त्यांनी मोजून पाहिलं. तक्ते असलेली पुस्तकं अडतीस. घशाच्या डॉक्टरांनी आता दिवसाला अर्ध्या तासाचीच मुभा दिली होती. एवढं सगळं पुन्हा वाचायचं तर उरलेलं आयुष्य पुरणार नव्हतं. गप्प बसलं तर नाव यादीत वरच राहणार होतं. आणि ती मुलगी तिसऱ्यांदा परीक्षेला बसणार होती. आठवडाभर त्यांना जेवण गेलं नाही.

पुढच्या बुधवारी त्यांनी त्या मुलीलाही पुन्हा बोलावलं आणि नमस्कार-चमत्कार केलेच नाहीत. "सगळ्यांनी डोळे मिटा," म्हणाले आणि तो तक्ता लावला. "आता सांगा, पाचवी नदी किती लांब?"

त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं.

"हे मी वाचलंय. अशी अडतीस पुस्तकं आहेत. या पोरीने गेल्या बुधवारी सांगायचा प्रयत्न केला, तर आपण हसलो."

मग नर्स हळूच म्हणाली, "काका, तुम्ही निदान वाचता तरी. मी 'येथे तक्ता आहे' म्हणते आणि पान उलटते."

"आकृती आली की मी खोकतो आणि पुढे जातो," कारागीर म्हणाला. "खरंच सांगतो. खोकला रेकॉर्डिंगमध्ये आहे."

मुलगी खो खो हसली. मग तिनेच शिकवलं. तक्ता आडवा वाचायचा. एका नदीचं सगळं सांगून मगच दुसरी घ्यायची आणि प्रत्येक आकड्याआधी तो कशाचा ते म्हणायचं. एकेकाने वाचलं, चुकलं तिथे तिने थांबवलं. पाऊण तासाची मीटिंग अडीच तास चालली. बाई पडद्याच्या कोपऱ्यात माईक बंद करून बसून होत्या. शेवटी अडतीस पुस्तकं वाटून घेतली गेली. अनाउन्सरांच्या वाट्याला दोन बारकी आली, तीही त्यांनी हट्टाने मागून घेतली.

तीन आठवड्यांनी नर्सने भूगोल पाठवला. बाईंनी नियमाप्रमाणे तो तपासायला अनाउन्सरांकडेच दिला. तिचा आवाज किनरा होता आणि जोडाक्षरांवर ती अडखळत होती. अनाउन्सरांनी डोळे मिटून सगळा तक्ता ऐकला.

"सातवी नदी?" दारातून सुनेने विचारलं.

त्यांनी नाव सांगितलं, लांबी सांगितली, उगमाची उंचीही सांगितली.

मग त्यांनी संस्थेचं पान उघडलं. जुनं रेकॉर्डिंग काढून नवं चढवलं. वाचकाच्या रकान्यातलं आपलं नाव एकेक अक्षर मागे घेत पुसलं आणि तिथे नर्सचं नाव टाकलं. तिच्या आडनावात एक जोडाक्षर होतं. ते बरोबर उमटलंय ना, हे त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं.