महिन्यात तिसऱ्यांदा

मिस्त्रीने चारही चाकांवर अलाइनमेंटचे सेन्सर अडकवले आणि स्क्रीनकडे न बघता कितीतरी वेळ हात पुसत राहिला. आकडे त्याला ठाऊक होते. पुढच्या दोन्ही चाकांसमोर लाल खूण उमटली असणार होती, आणि ती त्याने गेल्या मंगळवारी स्वतःच्या पान्याने आणली होती.

गाडीचा उजवा आरसा जागेवर नव्हता. तिथे दोन वायरी लोंबत होत्या. वस्तादांची सून दाराला टेकून उभी होती आणि तिने ओढणीचे टोक मुठीत घट्ट धरून ठेवले होते. पुलावर तिने एक हात काढून काच खाली केली, तेवढ्यात गाडी उजवीकडे सरकली आणि समोर ट्रक आला. ट्रकवाल्याने वेळेवर कापली म्हणून आरशावर निभावले. हे तिने मिस्त्रीला दोनदा सांगितले, दोन्ही वेळा त्याच शब्दांत, जणू पहिल्यांदा सांगितलेले तिलाच ऐकू आले नव्हते.

वस्ताद टायरांच्या चळतीवर बसून ऐकत होते. सून गाडी हाकत असताना ते शेजारच्याच सीटवर होते.

"गाडीला नावं ठेवू नकोस," ते म्हणाले. "परवाच मी चालवली. सुतासारखी सरळ जाते. तुझंच लक्ष नव्हतं."

सुनेने मान खाली घातली.

बावीस वर्षांपूर्वी मिस्त्रीच्या हातात पहिला पाना दिला तो वस्तादांनी. गॅरेजच्या भिंतीवर अजून त्यांच्याच अक्षरातली पाटी होती: अलाइनमेंट दर दहा हजार किलोमीटरला, त्याआधी गाडी खड्ड्यात जोरात आदळली, टायर एकाच बाजूने झिजू लागले किंवा गाडी एकीकडे ओढू लागली, तरच. हौसेने लवकर येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते दारातूनच परत पाठवत. धडधाकट माणसाला रोज नाडी दाखवायला नेलं, तर तो आठवड्यात अंथरूण धरील, असे त्यांचे म्हणणे.

आणि हेच वस्ताद गेल्या महिनाभरात तीनदा आले होते. गाडी डावीकडे ओढते, ही एकच तक्रार. पहिल्या दोन्ही खेपांना स्क्रीनवर सगळे हिरवे होते. मिस्त्रीने उगाच पाना फिरवल्यासारखे केले आणि गाडी परत दिली. तिसऱ्या खेपेला वस्ताद चिडले. तुझा त्या डबड्यावर विश्वास आहे आणि माझ्या हातावर नाही, असे त्यांनी सगळ्या गॅरेजसमोर सुनावले. तेव्हा मिस्त्रीने स्क्रीनकडे पाठ फिरवली आणि पुढच्या चाकांचा कल बदलला. गाडी उजवीकडे ओढेल, इतका. वस्ताद एक फेरी मारून आले, खाली उतरले आणि त्यांनी त्याची पाठ थोपटली. त्या थोपटण्याचे सुख त्याला दोन दिवस पुरले होते.

आता गप्प राहिले, तर दोष सुनेच्या माथी जाणार होता. घरी नवऱ्यापुढे, शेजाऱ्यांपुढे तीच बेफिकीर ठरली असती. मिस्त्रीने फडके खाली ठेवले.

"वहिनींची चूक नाही, वस्ताद. चाकं मी वाकडी केलीत."

वस्ताद उठून उभे राहिले.

"मशीन बरोबर दाखवत असताना?"

"हो."

"मी म्हटलं म्हणून?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "उद्या मी विहिरीत उडी टाक म्हटलं, तर टाकशील?"

"तुम्ही कधी चुकला नव्हतात."

सुनेने एकदा या दोघांकडे आणि एकदा त्या लोंबणाऱ्या वायरींकडे बघितले. ते बघणे मिस्त्रीला शिवीपेक्षा जास्त लागले.

अर्ध्या तासात त्याने चाके पूर्ववत केली. सगळे आकडे हिरवे झाले. पण वस्तादांचा हेका सुटला नव्हता. आता बघ कशी डावीकडे ओढते, म्हणत ते गाडीत बसले आणि सवयीने त्यांनी पट्टाही लावला. पुढची चाके फिरत्या तबकड्यांवर होती. स्टिअरिंग केसभर हलले, तरी स्क्रीनवर दिसले असते. मिस्त्रीने त्यांना दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरायला आणि डोळे मिटायला सांगितले.

"यंत्र राहू दे," तो म्हणाला. "तुमच्या हातालाच विचारू."

वस्तादांना ते पटले. त्यांनी डोळे मिटले.

आकडा शून्यावर होता. मग पाव अंश झाला, मग अर्धा. मिस्त्रीला वाटले, तबकडीत काही अडकले असेल. त्याने वाकून बघितले, काही नव्हते. दीड. दोन. चाके अगदी सावकाश डावीकडे वळत होती.

"बघ," वस्ताद डोळे मिटूनच म्हणाले, "दगडासारखं धरलंय."

उजव्या हाताची बोटे खरोखरच दगडासारखी आवळलेली होती. डावा हात मात्र स्टिअरिंगवर ओला टॉवेल टाकावा तसा पडला होता, आणि त्याच्या नुसत्या भाराने ते खाली चालले होते. चार. पाच. सून तोंडावर हात घेऊन उभी होती.

कुणीच बोलत नाही म्हणून वस्तादांनी आपणहून डोळे उघडले. स्क्रीन त्यांच्यासमोरच होती. त्यांनी आकडा वाचला, मग स्टिअरिंग बघितले, मग हात. परक्याच्या गाडीचा निखळलेला भाग बघावा, तसा त्यांनी तो बराच वेळ बघितला.

"कधीपासून?" त्यांनी विचारले. गिऱ्हाइकाला विचारत, त्याच स्वरात.

"तीन-चार आठवडे झाले, बाबा," सून म्हणाली. "दोनदा कप पडला. शर्टाची बटणं लागत नव्हती. मला वाटलं, वयामुळे. बोलले असते तर तुम्ही रागावला असता."

वस्तादांनी पट्टा सोडवायला डावा हात खाली नेला. बोटे खटक्यावरून घसरली, परत गेली, परत घसरली. मिस्त्रीने दुसरे दार उघडले, आत वाकला आणि खटका दाबला. वस्तादांनी त्याला दाबू दिले.

दवाखान्याकडे गाडी मिस्त्रीनेच घेतली. मागे सून फोनवर नवऱ्याला दबक्या आवाजात सांगत होती आणि मध्येच तिचे शब्द तुटत होते. वस्ताद शेजारी बसले होते, डावा हात उजव्यात धरून. मोठा रस्ता लागला. तो लांबवर मोकळा आणि सपाट होता.

"हात सोड," वस्ताद म्हणाले.

"आत्ता?"

"सोड म्हणतो ना."

मिस्त्रीने वेग कमी केला आणि दोन्ही तळवे स्टिअरिंगपासून बोटभर वर उचलले. एक खांब मागे पडला, दुसरा पडला, तिसरा. रस्त्यावरचा पांढरा पट्टा होता तिथेच राहिला.

"बरोबर लागलीय," वस्ताद म्हणाले.

त्याने स्टिअरिंग पुन्हा धरले. पुढचा चौक मागे पडला.

"आता जरा जोरात घे," वस्ताद म्हणाले.