कांडोळ सरकत नाही

दर रविवारी ग्रुप फोटो झाला की आमचं वन थोडं लहान होतं. झाडं तेवढीच राहतात. वन लहान होतं.

हे कसं होतं ते सांगायला अवघड नाही. टेकडीवरच्या आमच्या सार्वजनिक वनात देशी झाडांचा संग्रह आहे आणि आम्ही काही मंडळी दर रविवारी सकाळी तिथे श्रमदान करतो. आळी करायची, पाचोळा पसरायचा, कॅनने पाणी घालायचं, झाडांच्या नावांच्या पाट्या पुसायच्या. शेवटी विमलताईंच्या डब्यातले पोहे, आणि पोह्यांच्या आधी फोटो. फोटो निनाद वाघचौरे काढतो. त्याचा बाजारात स्टुडिओ आहे, आणि लग्नांची कामं करून करून एक वाक्य त्याच्या जिभेला चिकटलं आहे. तो डोळ्याला कॅमेरा लावतो, डावा हात हवेत हलवतो आणि म्हणतो, "आत सरका. जरा आत सरका. सगळे आले पाहिजेत."

आम्ही सरकतो. झाडंही सरकतात.

फोटो झाला की माणसं पोह्यांकडे पांगतात. झाडं पांगत नाहीत. 'आता बाहेर सरका' असं त्यांना कुणी म्हटलेलं नसतं.

मला हे सगळ्यांत आधी कळलं ते कांडोळामुळे. वनाच्या पार टोकाला, कातळावर, एक कांडोळ आहे. पांढरंफटक खोड, कागदासारखी सुटणारी साल. अंधारात दिसलं तर माणूस दचकतो, म्हणून लोक त्याला भुताचं झाड म्हणतात. त्याच्या फळांवर कुसं असतात; हात लावला की दिवसभर खाजवत बसा. तिथवर कॅन न्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ते रोप होतं तेव्हापासून मी नेत आले. त्याचा आणि माझा स्वभाव जुळतो असं विमलताई म्हणतात, आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत.

एका रविवारी फोटोनंतर मी कॅन आणायला कातळावर गेले, तर शेजारचा धावडा जाग्यावर नव्हता. धावडा, त्याच्या पलीकडची मोई, मेडशिंगी, सगळी जरा आत जाऊन खांद्याला खांदा लावून उभी होती. जिथून ती हलली तिथे मातीला साधी भेगही नव्हती. कांडोळ तेवढं एकटं कातळावर होतं. निनादचं त्याने ऐकलं नव्हतं.

पुढच्या रविवारी, जिथे जिथे आमचं झाड उरलं नव्हतं तिथे पत्र्याचं कुंपण होतं. नवं नव्हे. गंजलेलं, खालून कुजलेलं, मध्येच वाकलेलं. त्याच्या मागे तीन मजली इमारत होती, भिंतींवर ओल आलेली, आणि पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत एक बाई कपडे वाळत घालत होती.

"तुम्ही इथे कधी आलात?" मी विचारलं.

तिने तोंडातला चिमटा काढला. "आम्ही? पंधरा वर्षं झाली."

"मागच्या रविवारी इथे बहावा होता."

"असेल," ती म्हणाली. "आमच्या सोसायटीत झाडं ठेवत नाहीत. कचरा होतो."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या दोरीवर शाळेचे गणवेश होते, धुऊन धुऊन विटलेले.

मी चौबळ सरांकडे गेले. दिगंबर चौबळ आमच्या गटाचे प्रमुख. निवृत्त इंजिनिअर आहेत, आवाज कधी चढवत नाहीत. ज्या माणसाचा आवाज चढत नाही त्याच्याशी भांडताना आपणच वेडे दिसतो.

"सर, वन लहान झालंय."

"झाडं मोजा, सरोजताई."

मी मोजली. सगळी होती.

"एक तरी कमी आहे?"

"नाही."

"मग?"

"जागा कमी आहे."

"आपण झाडं लावतो," सर म्हणाले. "जागा आपण लावलेली नाही."

पुढचं आपोआप होत गेलं. मागे कुंपण आल्यामुळे निनादला मागे जाता येईना. मागे जाता येईना म्हणून सगळे फोटोत मावेनात. मावेनात म्हणून तो म्हणायचा, आत सरका. आम्ही सरकलो की मोकळ्या जागेत कुंपण यायचं आणि पुढच्या रविवारी ते त्याच्या पाठीला आणखी जवळ असायचं.

मंडळी खूश होती. पूर्वी कॅन घेऊन धापा टाकाव्या लागायच्या, आता एका नळीत सगळं वन भिजायचं. आळी एकमेकांत मिसळली होती. बहाव्याच्या शेंगा करंजाच्या फांदीवर लोंबत होत्या. पाट्या एकमेकींच्या तोंडाला तोंड लावून होत्या, त्यामुळे त्या पुसायचं कामच संपलं. आम्ही पोट आत घेऊन, अंग चोरत चालायचो आणि समोरून कुणी आलं की दोघंही एकदम "या, या" म्हणून थांबायचो. अशाने बराच वेळ जायचा.

वडाचा मला भयंकर राग आला. एवढा मोठा वड, आणि पारंब्या साडीच्या निऱ्यांसारख्या गोळा करून, कुणाला आपला धक्का लागू नये अशा बेताने उभा. "लाज नाही वाटत?" मी म्हणाले. "एवढा वाढलास कशासाठी?" जांभळीच्या बुंध्यावर तर मी थापट मारली. ती आणखी थोडी आत सरकली.

"अगं, ओरडतेस कुणाला?" विमलताई म्हणाल्या. "शहाणी झाडं आहेत. सांगितलेलं ऐकतात."

"तेच तर! मऊ लागलं की लोक कोपराने खणतात."

"तू सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस," विमलताई म्हणाल्या.

मला कुंपणाचा राग नव्हता. कुंपणाला भीड नसते, जागा दिसली की ते येतं. मला राग होता तो सरकणाऱ्यांचा. भीड ही भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची आणि पंगतीला स्वतः शेवटी बसायची. माझं तरी काय वेगळं आहे? हॉलमध्ये मुलाचं ऑफिस आलं तेव्हा मी आतल्या खोलीत गेले. आतली खोली नातीच्या अभ्यासाला लागली तेव्हा बाल्कनीत. बाल्कनीला काचा बसवून घेतल्या आहेत, थंडी वाजत नाही. मला घरात कुणी वाकडा शब्द बोललेलं नाही. "आई, जरा सरकतेस का," एवढंच. म्हणून त्या कांडोळावर माझा जीव होता. ते सरकत नव्हतं.

आणि ते सरकत नव्हतं म्हणून त्या बाजूला कुंपण येऊ शकत नव्हतं. बाकी तिन्ही बाजूंना पत्रे आणि बाल्कन्या झाल्या होत्या, तिथून फोडणीचे वास यायचे. या एका बाजूला मात्र कातळापर्यंत उघडी जमीन होती, पलीकडे उतार होता, आणि वनात जो काही वारा यायचा तो तिथूनच. आमच्या गटाचा पहिल्यापासून एक नियम आहे: जे फोटोत नाही ते वनात नाही. कांडोळ आजवर प्रत्येक फोटोत होतं. अगदी कडेला, अर्धं, पण होतं.

गेल्या रविवारी निनादची पाठ पत्र्याला टेकली. त्याने कॅमेरा इकडे फिरवला, तिकडे फिरवला आणि खाली घेतला.

"कांडोळ येत नाही," तो म्हणाला.

सरांनी मला बाजूला घेतलं. बाजू अशी उरलीच नव्हती, म्हणून आम्ही एका बेहड्याच्या दोन अंगांना उभं राहून बोललो.

"ते तुमचं ऐकेल," सर म्हणाले. "आत यायला सांगा. नाहीतर बाहेर राहील."

"बाहेर राहिलं तर?"

"ते त्या बाईंना विचारा."

मी बाल्कनीकडे मान वर करून विचारलं.

"तिथे आमचं पार्किंग आहे," ती म्हणाली. "झाड मध्ये आलं तर कापावंच लागेल ना."

"ते आधीपासून आहे."

"असेल," ती म्हणाली. "पार्किंग पंधरा वर्षं आहे."

मी वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आज फोटो नको काढू या."

मग मागून कुणीतरी, अगदी साध्या काळजीने, विचारलं, "फोटो नाही तर श्रमदान झालं कशावरून?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "झाडं वाढतात त्यावरून!" मी ओरडले. "वाढायला जागा लागते त्यावरून! डोळे फुटले का सगळ्यांचे?" सगळे माझ्याकडे बघून हसत होते. त्यात वाईट हेतू नव्हता. फोटोसाठी आणलेलं हसू अजून उतरलं नव्हतं इतकंच.

मी कातळावर गेले. 'आत ये' एवढं म्हटलं असतं तर ते आलं असतं, याची मला खात्री आहे. इतकी वर्षं माझ्या हातचं पाणी प्यायलं आहे ते. वाचलं असतं. वडाच्या काखेत, फांद्या मिटून, पाटीचं तोंड दुसऱ्याच्या पाटीला लावून वाचलं असतं. मी त्याच्या खोडावर हात ठेवला. उन्हातही ते गार होतं.

"सरकू नकोस," मी म्हणाले.

मग उजव्या हाताने खोड घट्ट धरून मी त्याच्याशेजारी उभी राहिले. "मी इथेच आहे," मी ओरडून सांगितलं. "मी फोटोत हवी असेन तर झाडही येईल."

"मागे जायला जागा नाही, मॅडम," निनाद म्हणाला.

"पत्रा पाड."

त्याने मागे वळून पत्र्याकडे बघितलं. "जुना आहे," तो म्हणाला. "आता नाही पडत."

"सरोज, ये ना गं," विमलताईंनी हाक मारली. त्या खरोखर मायेने बोलावत होत्या. आपल्या शेजारी त्यांनी माझ्यापुरती जागा ठेवली होती. "पोहे गार होताहेत."

निनादने डोळ्याला कॅमेरा लावला. डावा हात हवेत हलवला.

"आत सरका. जरा आत सरका."

मी सरकणार नव्हते. हे मी स्पष्ट सांगते. मी दात आवळले होते, कानशिलं तापली होती, आणि सरांना, निनादला, त्या वडाला काय काय ऐकवायचं ते सगळं तोंडाशी आलं होतं. माझे पाय सरकले. त्यांना सवय होती. आधी डावा, मग उजवा, कुणाच्या चपलेवर पडणार नाहीत अशा बेताने उघडी जमीन ओलांडून ते गेले आणि विमलताईंनी ठेवलेल्या जागेत बरोबर मावले. माझ्या चेहऱ्यावर हसू आलं. मी ते बोलावलं नव्हतं.

हात मात्र आला नाही. मी जितकी आत गेले तितका तो लांब झाला, आणि मूठ कांडोळावर होती तशीच राहिली.

मान वळवून पाहिलं तर उघड्या जमिनीवर कुंपण उभं होतं. पत्रा जुना होता. माझ्या मनगटापाशी त्याला भोक होतं आणि भोकाच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, पंधरा वर्षं तिथून हात ये-जा करत असावा तशा. वारा थांबला होता. पत्र्यापलीकडे मला काही दिसत नव्हतं, पण तळव्याखाली साल सुटत होती आणि सालीखालचं खोड गार होतं. तिकडे कुणीतरी यांत्रिक करवतीची दोरी ओढत होतं. एकदा ओढली, पुन्हा ओढली. करवत सुरू होत नव्हती.

"सगळे आले," सर म्हणाले.

निनादने कॅमेऱ्यावरून डोळा काढला.

"मॅडम," तो म्हणाला, "हात आत घ्या."

मी मूठ आवळली. पलीकडे करवत सुरू झाली.