चौथ्या चाकाचा नट

बाबांनी चौथ्या चाकाचा टायर रिमवरून उचकटला आणि जुना सेन्सर काढायला नटाला पाना लावला. पाना घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. लेकीने नजर दुसरीकडे वळवली.

तिची गाडी बारा वर्षांची. टायरमधली हवा मोजणारे चारही सेन्सर निकामी झाले होते आणि स्टिअरिंगसमोरचा पिवळा इशाऱ्याचा दिवा महिनाभर विझत नव्हता. उद्या तान्ह्या मुलीला घेऊन तिला डोंगरातून सहा तास एकटीने गाडी चालवायची होती. बाबा चाळीस वर्षं मेकॅनिक, त्यामुळे गाडी दुसरीकडे नेण्याचं नाव काढायची सोय नव्हती. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याबद्दल तर ते म्हणत, त्याला पाना कुठल्या बाजूने धरतात तेवढं तरी कळतं का? पण वर्षभरात बाबांचा उजवा हात थरथरू लागला होता. घरात त्यावर कुणी चकार शब्द काढत नसे.

"मी धरू का, बाबा?"

"नट आहे तो, हत्ती नाही."

नवा सेन्सर बसवताना ते म्हणाले, "कमी आवळला तर हवा जाते, जास्त आवळला तर तुटतो. हाताला बरोबर कळतं." एवढं बोलून त्यांनी तो हात खिशात घातला.

चाकं चढली, दिवा विझला. रात्री जेवताना मात्र तिला तो घसरणारा पाना आठवत राहिला. डोंगरातली वळणं, मागच्या सीटवर झोपलेलं बाळ, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

सकाळी ती उठली तेव्हा बाबा गाडीत पेट्रोल भरून परत आले होते. आईने बाळाला न्हाऊ घातलं. "बाळाचं औषध घेऊन येते," म्हणत लेकीने किल्ली उचलली आणि गाडी थेट कोपऱ्यावरच्या गॅरेजसमोर उभी केली.

गॅरेजवाला हात पुसत बाहेर आला.

"परत काही झालं का ताई?"

"परत म्हणजे?"

तो चाचरला. "काका सकाळीच येऊन गेले. चारही चाकं तपासून घेतली."

"मग?"

"तीन एकदम चोख. चौथ्याचा नट जरासा सैल होता. हवा अगदी हळू सुटत होती. दुपारपर्यंत टायर बसला असता." त्याने मान खाली घातली. "आता घट्ट आहे. तुम्हाला सांगू नकोस म्हणाले होते."

ती घरी आली तेव्हा बाबा फाटकाशी उभे होते. पायाशी तिची बॅग.

"मिळालं औषध?"

"मिळालं."

बाबांनी तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग वाकून डाव्या हाताने बॅग उचलली आणि डिकीत ठेवली. झाकण लावून ते तिथेच उभे राहिले.

"पोचलीस की फोन कर."

"करते."

"आणि पुढच्या खेपेला आलीस ना," ते गाडीकडे बघत म्हणाले, "की हा हात कुणा डॉक्टरला दाखवू."