घंटापुरीचं आख्यान

मंगळवार पेठेतल्या दत्तमंदिरात विमलाताई कीर्तनाला उभ्या राहणार होत्या, आणि अध्यक्ष बाळासोंनी आधीच दम भरला होता. "ताई, आख्यान पुराणातलंच पायजे. तुमचं त्ये कॉम्प्युटर-बिंप्युटर काडलासा, की माईक बंद. मागं एका बुवांनी शेअरबाजार सांगितला, निम्मी माणसं चपला घालून गेली."

विमलाताई नुसत्या हसल्या. पॉलिटेक्निकात त्यांनी जन्मभर संगणक शिकवला आणि जन्मभर पोरं बाकावर डुलक्या घेत राहिली. आपल्याला एवढं गोड लागलेलं कुणीतरी एकदा कान देऊन ऐकावं, एवढीच त्यांची हौस. आणि कान देणारी माणसं कीर्तनाखेरीज भेटतात कुठं?

पूर्वरंग झाला, हार पडला. बाळासो मागं माईकच्या बटणापाशी खुर्ची टाकून बसले. ताईंनी चिपळ्या उचलल्या.

"घंटापुरी नावाची नगरी होती. तिथल्या शास्त्र्यांनी आणखी दोन नगऱ्यांना घेऊन यज्ञ मांडला. कशासाठी? यंत्र एक, बसणारे अनेक. पण प्रत्येकाला वाटावं, हे माझ्या एकट्याचंच. रासात प्रत्येक गोपीला वाटायचं ना, कान्हा माझ्याच शेजारी आहे, तसं."

पहिल्या रांगेत बसलेल्या झुंबरबाईंनी हात जोडले. पेठेत दुधाचा रतीब घालणारी ही म्हातारी कीर्तन चुकवत नसे.

"यज्ञ वाढता वाढता वाढला, फळ काही हाती येईना. घंटापुरीकर उठून गेले. पण त्यांतल्या काहींना चैन पडेना. त्यांनी कुणी फारसं न वापरलेलं एक लहान यंत्र शोधलं आणि इवले इवले मंत्र रचले. एका मंत्राचं एकच काम. एकाच्या तोंडातून निघालेलं थेट दुसऱ्याच्या कानात. आता घंटापुरीला राजाज्ञा होती, की मंत्र विकायचा धंदा करायचा नाही. म्हणून गुरुकुलांना ते मंत्र जवळजवळ फुकटच मिळाले. आणि प्रत्येक गुरुकुलानं आपली वेगळी चाल लावली. या आश्रमातला मंत्र त्या आश्रमात म्हटला, की यंत्र गप्प."

"आपल्या पेठांवानी की," झुंबरबाई म्हणाल्या.

बाळासोंना कसलातरी वास आला. "ताई, ह्ये कुठल्या पुराणात आलंय?"

चिपळ्या थांबल्या. एरवी ताईंनी खुशाल थाप ठोकून दिली असती. पण नारदाच्या गादीवर, गळ्यात देवाचा हार घालून?

"कुठल्याच नाही, बाळासो. ही खरी गोष्ट आहे. संगणकाची. अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीत घडलेली. मंत्र म्हणजे संगणकाचे प्रोग्रॅम, गुरुकुलं म्हणजे तिथली विद्यापीठं."

खट. माईक गेला.

ताईंना वाटलं, संपलं. आता चपलांचा आवाज येणार. पण झुंबरबाई मागं न बघताच म्हणाल्या, "सरका गं फुडं." बायकांची सगळी बाजू सरकली. मागोमाग गडीमाणसंही सतरंजी ओढत आली. ताईंना एकदम खट्याळपणा सुचला. त्यांनी आवाज मुद्दाम बारीक केला आणि मंत्र कुणाचा खरा यावरून पुढं व्यापाऱ्यांत जुंपलेलं भांडण सांगायला घेतलं.

मागं बाळासोंची मान लांब होत चालली. शेवटी राहवेना. "आवाज येईना हिकडं."

"बटन तुमच्याच हाताखाली हाय की, अध्यक्ष," झुंबरबाई म्हणाल्या.

"दाबतो. पन आधी सांगा, भांडान मिटलं का न्हाय?"

"आधी बटण," ताई म्हणाल्या.

खट.

"मिटलं नाही," ताईंचा आवाज देवळाबाहेरच्या रस्त्यापर्यंत गेला. "व्यापारी दोन तट करून भांडतच राहिले. पण शहाण्यांची एक सभा बसली. ती म्हणाली, मंत्र कुणाचा, आतून कसा रचलाय, आम्हाला पुसायचं नाही. अशी हाक मारली की असंच उत्तर आलं पाहिजे, एवढंच. चाल ज्याची त्याची, सम सगळ्यांची."

तबलजी अमरसिंहनं समेवर थाप दिली.

"आणि त्याच घराण्यातल्या मंत्रांवर चालणारं यंत्र आज तुमच्या खिशात आहे."

आरती झाली, ताट फिरलं. झुंबरबाईंनी ज्योतीवरून घेतलेला हात आधी कपाळाला लावला, मग कमरेच्या पिशवीतल्या मोबाइलला.

"येडी म्हातारी," बाळासो पुटपुटले. ताट त्यांच्यापुढं आलं तेव्हा त्यांनी इकडंतिकडं बघून खिशावरून हळूच हात फिरवला.

"अध्यक्ष," झुंबरबाई म्हणाल्या, "फोन डाव्या खिशात हाय तुमचा."