गळ्याशी ठिपका होता का?

मित्रांनो, मी फुलं दाबायची जुनी चौकट. दोन जाळीदार फळ्या, मध्ये टिपकागदांची चळत आणि वरून आवळायला दोन चामडी पट्टे. एवढाच माझा संसार. पण माझ्या पोटात जे घडलं, ते ऐकून तुमच्याही अंगावर काटा येईल.

मला एका सुतारानं बनवलं, मोडक्या दाराच्या फळ्यांतून. त्याची धाकटी बहीण वनस्पतीशास्त्र शिकवायची. सगळे तिला बाई म्हणत. सुतार मात्र "गवत वाळवणारी" म्हणून चिडवायचा. तीही काही कमी नव्हती. म्हणायची, "दादा, तुला लाकूड दिसतं, फूल दिसत नाही."

बाईंचा जीव आयरिस कुळातल्या रानफुलांवर. पानं तलवारीसारखी, पण फुलं अशी नाजूक, की दुपारी उमलायची आणि उन्हं कलताच ओल्या चिंधीसारखी मिटायची. माझ्या पोटात गेलं की रंगही मरायचा. म्हणून बाईंची शिस्त कडक. आधी फूल डोळे भरून बघायचं. पाकळ्यांचा रंग, गळ्याशी, म्हणजे पाकळ्या जुळतात तिथं, ठिपका, केसर किती, सगळं जागीच लिहायचं. कंद चिरून दोन फाका करायच्या, नाहीतर तो वाळत नाही. मगच पट्टा आवळायचा. वीस वर्षं मी त्यांच्या पाठीवर रानोमाळ हिंडले. पाहुणे वाळल्या फुलांच्या वहीची पानं उलटत वाहवा करायचे, आणि मी आपली फुगायचे.

एकदा दगडखाणीच्या वरच्या उतारावर बाईंना लांबूनच एक जांभळं फूल दिसलं. एकटंच. गळ्याशी पिवळा ठिपका नसेल तर ते नेहमीचं. असेल तर शंभर वर्षांत कुणालाच न दिसलेलं. बाईंचे गुडघे धरलेले, म्हणून सोबत आलेला सुतार मला घेऊन खाली उतरला. त्यानं कंदासकट झाड उपटलं, एवढ्यात सुरुंगाचा भोंगा वाजला. घाबरून त्यानं झाड तसंच माझ्यात कोंबलं, पट्टे आवळले, वर येऊन बहिणीचा हात धरला आणि धूम ठोकली.

सकाळी मला उघडलं तर फुलाचा काळा गोळा झालेला.

बाईंनी हळूच विचारलं, "गळ्याशी ठिपका होता का रे, दादा?"

सुतार म्हणाला, "मी मुळाकडं बघत होतो गं."

बाई रागावल्या नाहीत. कागद तसाच मिटून पट्टे आवळले आणि रविवारी पुन्हा जाऊ म्हणाल्या. रविवारी तिथं उतारच नव्हता. नुसती हवा होती.

मग बाई अंथरुणाला खिळल्या. तापात तोच प्रश्न विचारायच्या. त्या गेल्या, आणि सुतारानं मला कपाटावर टाकलं. माझ्याकडे बघणं त्याला जड जायचं. मित्रांनो, बाई घरात नव्हत्या, पण त्यांचा प्रश्न होता. सुतार रंधा मारता मारता थबकायचा, दाराकडे बघायचा आणि पुटपुटायचा, "नाही बघितलं गं."

आणि एके दिवशी माझ्या पोटात कुणीतरी हललं.

मी दचकले. माझ्यात सगळे मेलेले. मग हे कोण? रोज जरा जरा, कागदांच्या घड्यांतून, आंधळ्याच्या बोटासारखं काहीतरी चाचपत पुढं सरकत होतं. मला ओरडता येईना. पट्टे सैल करावेत, तर मला हात कुठले? काही आठवड्यांनी ते थांबलं. ते थांबणं हलण्याहून भयाण होतं.

वर्षश्राद्धाच्या आधी सुतारानं मला खाली काढलं. माझ्या फळ्या काढून बहिणीच्या फोटोला चौकट करायची होती त्याला. त्यानं पट्टे सोडले आणि कागद उलगडले. घाईत कंद चिरायचाच राहिला होता. त्यातून निघालेला पांढराफटक कोंब उजेड शोधत कागदाच्या काठापर्यंत आला होता, आणि तिथंच, बोटभर अलीकडे, वाळून गेला होता.

पण जुन्या कंदाच्या माथ्यावर मसुरीएवढा एक नवा कंद होता. टणक. जिवंत.

आता फोटो बिनचौकटीचाच आहे. कान तुटलेल्या कपात लावलेल्या त्या कंदाला तीन पानं आली आहेत. फूल यायला अजून दोन-तीन वर्षं लागतील, कदाचित येणारही नाही. तरी रोज दुपारी सुतार हातातली पटाशी ठेवतो, बाईंची पेन्सिल घेतो आणि कपासमोर बसतो.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. जे जपायचं, ते आधी नीट बघा. पट्टा काय, नंतरही आवळता येतो.

माझे पट्टे सध्या मोकळे आहेत. वरच्या कागदावर सुतारानं ओबडधोबड अक्षरात एकच ओळ लिहिली आहे: "गळ्याशी ठिपका". पुढची जागा कोरी आहे.