एक रेघ, सही आणि तारीख

मेलेल्या ओळी मला सहन होत नाहीत. संगणकाच्या पायथन भाषेत एखादी ओळ नकोशी झाली की तिच्यापुढे # लावून नुसती बंद करून ठेवतात, ती मेलेली ओळ. शहाण्या माणसाने ती पुसून टाकावी. म्हणून तारापूरच्या एका औषध कारखान्याने कामगारांसाठी नवशिक्यांची कोड लिहायची स्पर्धा ठेवून मला परीक्षक केलं, तेव्हा मी शंभरातले चाळीस गुण नीटनेटकेपणाला ठेवले.

पहिल्या येणाऱ्याची बदली कॉम्प्युटर रूममध्ये होणार होती. पॅकिंगमधल्या नवसीला ती जागा हवी होती. मनोरकडच्या पाड्यावरची ही मुलगी सहा वर्षं उभ्याने खोके भरत होती आणि आता तिचे गुडघे बोलायला लागले होते. सालवडच्या भाड्याच्या खोलीत ती मोबाइलवर पायथन शिकली. हे सगळं मला हेमालीने सांगितलं. कामगारांच्या भरती-बदल्या तीच बघते. परीक्षकाला असलं काही सांगू नये, असं मी तिला सुनावलं.

काम सोपं होतं. दिवसभरातल्या खोक्यांची वजनं घ्यायची, सरासरी काढायची. लॅबमधल्या मेहुलचा कोड अकरा ओळींचा, इस्त्री केल्यासारखा. नवसीचा बेचाळीस ओळींचा आणि त्यातल्या वीस मेलेल्या. प्रत्येकीशेजारी कारण, नावाचं पहिलं अक्षर आणि तारीख. माझं डोकंच फिरलं. मी पाच गुण कापले. मेहुल ब्याण्णव, नवसी नव्वद. मी सही केलेला कागद नोटीस बोर्डावर लागला.

नवसी भांडायला आली नाही. पाच गुण कशाचे गेले, एवढंच तिने विचारलं. चुका पुसायच्या असतात, मिरवायच्या नसतात, असं मी म्हटलं.

"पण सर, तुमीच शिकवलेलं," ती म्हणाली. "खोडायचं नाय. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पायजे. मग सही, तारीख."

सॉफ्टवेअरमध्ये जाण्याआधी मी याच कारखान्यात तीन वर्षं होतो आणि नव्या कामगारांना नोंदवही लिहायला मीच शिकवायचो. औषधाच्या धंद्यात नोंद पुसणं हा गुन्हा. तिने ते धरून ठेवलं होतं, मी विसरलो होतो. तरी कोड म्हणजे नोंदवही नव्हे, असं काहीतरी बोलून मी तिला वाटेला लावलं.

मग तिच्या मेलेल्या ओळी पहिल्यांदा वाचल्या. अठराव्या ओळीशी लिहिलं होतं: शुक्रवारी पॅकिंग बंद, खोके शून्य, भागाकार अडतो. त्याखाली तिने दुरुस्तीही केली होती. मी मेहुलच्या कोडाला शून्य खोके दिले. तो जागच्या जागी बंद पडला. माझ्या चाचण्यांत शून्य नव्हतंच. तीन वर्षं या कारखान्याची शुक्रवारची साप्ताहिक सुटी घेतलेल्या माणसाला शुक्रवार सुचला नाही, याची मला लाज वाटली.

हेमाली म्हणाली, जुना कागद काढू, नवा छापून लावू, कुणाला कळणारही नाही. मी पेन घेऊन बोर्डापाशी गेलो. शिफ्ट सुटत होती, माणसं थांबून बघू लागली, त्यांत मेहुलही होता. मी ब्याण्णववर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी ब्याऐंशी लिहिलं. कारण लिहिलं: परीक्षकाने शून्य तपासले नाही. खाली सही केली. नवसीचे पाच गुण परत दिले नाहीत; मेलेल्या ओळी मला अजूनही सहन होत नाहीत. पण नव्वदच्या वर आता कुणी नव्हतं.

नवसी पुढे आली. स्वतःच्या नावाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. माझी रेघ, माझं कारण, माझी सही तिने बोट फिरवून वाचली.

"सर," ती हळूच म्हणाली, "तारीख राहिली."