बोळक्यातली आर्चा

असीलगुलच्या अंगणातले गुलाब उन्हाळ्यात बघावेत. हिवाळा सरताना मात्र नुसत्या काड्या उरायच्या, आणि त्यांच्या मधे उघडाबोडका चिखल. गेल्या नोरूझला, वसंतातल्या नववर्षाच्या सणाला, बिश्केकहून आलेल्या थोरल्या जावेने, बुबुसाराने, पाहुण्यांदेखत विचारलं होतं, "बाग आहे की म्हातारीचं बोळकं?" ते बोलणं तिला वर्षभर सलत होतं.

म्हणून यंदा सणाच्या आठ दिवस आधीच तिने रोपवाटिका गाठली. भर उन्हात टिकेल, घोट्याच्या वर जाणार नाही आणि बारा महिने हिरवं राहील, असं काहीतरी तिला हवं होतं. जाड पानांचं एक रोप तिला आवडलं होतं, पण शेजारच्या कोंबड्यांनी ते दोन दिवसांत फस्त केलं असतं. शेवटी जमिनीलगत पसरणाऱ्या आर्चाची, म्हणजे सुवासिक जुनिपरची, पाच रोपं आणून तिने गुलाबांच्या मधे लावली.

नवऱ्याने, तोलोगोनने, कपाळाला हात लावला. "अगं, नोरूझच्या तोंडावर दारात आर्चा? मांजरापुढे दुधाचं पातेलं ठेवलंस की."

"बाजारात डोंगरातली आर्चा ढिगाने येते. माझ्या रोपांना कोण विचारतंय?"

पण घाटात बर्फ कोसळला आणि डोंगरातल्या जुड्या बाजारात आल्याच नाहीत. सणाला दृष्ट काढायला घरभर धुरी फिरवायची ती आर्चाचीच, आणि धुरीसाठी कुणी आर्चा मागितली तर नाही म्हणायचं नसतं. सणाच्या सकाळपासून दारात रांग लागली.

"एकच काडी दे गं, नातू रात्रभर किरकिरतोय," म्हणत शेजारच्या केंजेकुल आजींनी चार काड्या नेल्या. पलीकडच्या मास्तरांनी गाईसाठीही मागितली. असीलगुल तोंडाने "घ्या ना" म्हणत होती आणि आतून रडकुंडीला आली होती. दुपारी चार रोपांचे खुंट उरले होते. पाचव्यावर एकच हिरवा तुरा होता.

तेवढ्यात फाटकाशी कोरी करकरीत गाडी थांबली आणि बुबुसारा उतरली.

"गाडी घेतली गं, दृष्ट लागायला नको. वाटेत कुठे आर्चा मिळेना. थोडी आहे का तुझ्याकडे?" बोलता बोलता तिची नजर वाफ्यावर गेली आणि ओठांच्या कोपऱ्यात ते ओळखीचं हसू आलं.

असीलगुलने कात्री तिच्या हातात ठेवली.

"आहे ना, जाऊबाई. बोळक्यात एकच दात राहिलाय. तो तुमच्याच हाताने काढा."